डाव्या हाताचे घट्टे

"आज चावलात हो काका," टेलरबाई म्हणाल्या.

काकांनी सुई मागे घेतली, त्या जागी कापूस दाबून धरला आणि कसनुसं हसले. रक्ताची नळी कोरडी होती. टेलरबाईंच्या कोपराच्या खोबणीत, जरा बाहेरच्या अंगाला, एक शीर होती. वर्षभराच्या जहाल औषधांनी हातावरच्या बाकी शिरा वाळून दोरीसारख्या झाल्या होत्या, ही तेवढी शिल्लक होती. खोल होती, लबाड होती, सुईची चाहूल लागली की बाजूला सरकायची. पण काका तिला चांगलं ओळखून होते. आज मात्र त्यांच्या बोटाला ती सापडेना.

"परत एकदा बघू का?"

"बघा की. मला कुठे गाडी पकडायचीय?"

दुसऱ्यांदाही तेच. टेलरबाई एरवी सुईकडे टक लावून बघायच्या, दुसऱ्याने घातलेला टाका पारखावा तशा. आज त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी काकांनी बारीक सुई काढली आणि हाताच्या पाठीवरून, जिथे सगळ्यात जास्त झोंबतं तिथून, थेंब थेंब करून नळी भरली. नळीवरची चिठ्ठी त्यांनी तिरकी चिकटवली. शेजारच्या खुर्चीपाशी रक्त घेत असलेल्या धाकटीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"होतं असं कधी कधी," टेलरबाई बाही खाली करत म्हणाल्या. "माझ्याही सुया मोडायच्या."

त्या गेल्यावर काका नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.

या माणसाला इस्पितळात सगळे डासकाका म्हणत. आता डास म्हटलं की कुणीही हात उगारेल, पण त्या इमारतीत ती पदवी होती, आणि काकांना ती कुठल्याही परीक्षेला न बसता मिळाली होती. रक्त घेऊन जातो आणि पत्ता लागू देत नाही, म्हणून कुण्या रुग्णाने थट्टेत ठेवलेलं नाव. ते चिकटलं. लहान मुलांच्या विभागातून फोन यायचा, "डासाला पाठवा जरा वर." सुजून फुगलेल्या एखाद्या आजोबांच्या हातात कुणाला काही मिळेना झालं की, "डास सुटलाय का बघा." काका तबक उचलायचे आणि निघायचे. जिन्यात लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. याचा काकांना अभिमान नव्हता असं म्हणणं म्हणजे साफ खोटं बोलणं होईल.

रक्त घ्यायच्या खोलीत दोन खुर्च्या. दाराजवळची काकांची, खिडकीजवळची धाकटीची. धाकटी हे आपलं म्हणायला. तिचा मुलगा कॉलेजात होता आणि तिची स्वतःची कंबर धरायला लागली होती. पण काकांच्या नंतर लागली म्हणून ती धाकटी. अवघड हात समोर आला की ती मानेने काकांकडे खूण करायची आणि काका "सोड, मी बघतो" म्हणत उठायचे. अशी दोघांची वर्षं मजेत गेली होती.

सगळी करामत डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची. उजव्या हातात सुई असते, तिला काही अक्कल नसते. तिला वाट दाखवायची ती डाव्या बोटाने. हातमोजा चढवायच्या आधी काका ते बोट नुसतं कातडीवर टेकवायचे. दाबायचे नाहीत. डोळे भलतीकडेच, बहुतेक समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग बोटाखाली काहीतरी हळूच उसळी घ्यायचं, आणि काकांना कळायचं की हे घर, इथे माणूस राहतो.

एरवी काम तसं कंटाळवाणंच. सकाळी उजाडता उजाडता उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग, सगळ्यांना घाई, सगळ्यांचा आवाज चढलेला. उपाशी माणसाच्या तोंडी लागू नये, हे काका नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते. मूठ आवळा, मूठ सोडा, कापूस दाबून धरा, पुढे. दुपारी घरी जाईपर्यंत पायांचं लाकूड झालेलं असायचं आणि डोळ्यांपुढे नुसते हात. बसमध्ये शेजारी बसलेल्याचा चेहरा त्यांना कधी आठवायचा नाही, पण त्याची शीर कुठे होती ते सांगता आलं असतं.

तर असं हे बोट अलीकडे चुकायला लागलं होतं. आधी एखाद्या वेळी, मग दर दिवशी कुणी ना कुणी. काकांनी पहिल्यांदा दिव्याला दोष दिला आणि दिवा बदलून घेतला. मग सुयांची नवी पेटी खराब आली असं ठरवलं. मग चष्म्याच्या दुकानात जाऊन बसले.

"नंबर आहे तोच आहे काका," चष्मेवाला म्हणाला. "डोळे ठणठणीत. फ्रेम बदलायची का?"

आलोच आहोत तर, म्हणून काकांनी फ्रेम बदलली. जो माणूस शीर शोधताना डोळ्यांचा उपयोगच करत नव्हता त्याने चष्मा बदलावा, याला काय म्हणायचं? पण घाबरलेला माणूस आपलं दुखणं सोडून बाकी सगळीकडे औषध लावत सुटतो. दुसऱ्या दिवशी नव्या फ्रेममधून काकांनी एका कॉलेजच्या मुलीला दोनदा टोचलं.

खरी गोष्ट त्यांच्या घरात, कपाटाला टेकून उभी होती.

काही महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं. जाताना त्यांनी नको असलेलं सामान कचऱ्याच्या पेटीजवळ रचून ठेवलं. फुटका टेबलपंखा, एका पायाने लंगडं स्टूल, आणि एक गिटार. गिटारीला दोनच तारा, पोटाला एक चीर. काका कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले ते गिटार घेऊन वर आले.

"कचरा टाकायला गेलात आणि कचराच घेऊन आलात?" काकू दारातच म्हणाल्या.

"बघतो जरा."

"काय बघताय? तिला शीर असते होय?"

काकांनी गिटार कपाटाला टेकवून ठेवली. शिकत असताना ते एका खोलीत दोघे राहायचे आणि खोलीतल्या पार्टनरकडे गिटार होती. त्याच्याकडून काका शिकले. रात्रीचं जेवण झालं की जिन्यात बसायचं, पार्टनरने गायचं, काकांनी वाजवायचं. काकांना गाता येत नसे, पण त्यांचा ठेका चांगला होता असं पार्टनर म्हणायचा. मग दोघांना दोन गावी नोकऱ्या लागल्या. गिटार त्याची होती, ती त्याच्याबरोबर गेली. स्वतःची घ्यायची, असं काकांनी नक्की केलं होतं. मग लग्न, मुलगी, रात्रपाळ्या, मुलीच्या शाळा, मुलीचं लग्न. राहून गेलं. त्याला काही मोठं कारण नव्हतं. गोष्टी राहून जातात तशी ही राहिली.

चीर त्यांनी सरस लावून बुजवली. तारा आणायला वाद्यांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का?"

"नातवासाठी," काका म्हणाले. त्यांना नातू नव्हता. पण पांढऱ्या केसांच्या माणसाने स्वतःसाठी गिटारीच्या तारा मागायच्या, याची त्यांना लाज वाटली.

घरी येऊन खुंट्या पिळत पिळत त्यांनी कसाबसा सूर लावला आणि मांडीवर घेतली. काही आठवेना. कॉर्डची नावंही आठवेनात. मग ते तसेच बसून राहिले, काकूंनी टीव्हीवर मालिका लावली, आणि काकांचं लक्ष तिकडे गेलं असताना त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं आपल्या आपण तारांवर जाऊन बसली. बरोबर जागी. काकांनी उजवा हात फिरवला तर आख्खा सूर वाजला. खडखडीत, जरा बसका, पण आख्खा. इतकी वर्षं ही बोटं लोकांच्या हातांवर फिरत होती आणि आत हे सांभाळून बसली होती, कुणाला न सांगता.

"जाहिराती लागल्या की वाजवा," काकू म्हणाल्या. "मध्ये मध्ये नको."

तसं सुरू झालं. जाहिराती लागल्या की काका वाजवायचे, मालिका सुरू झाली की हात तारांवर ठेवून थांबायचे. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं अशी सोलवटली की चहाचा कप धरवेना. मग फोड आले, फोडांचे घट्टे झाले, आणि दुखणं थांबलं. काकांना वाटलं, सुटलो. पार्टनरसुद्धा म्हणायचा, घट्टे पडेपर्यंतच त्रास. पुढे पुढे काकू जाहिराती संपल्या तरी टीव्हीचा आवाज वाढवेनाशा झाल्या. काका वाजवत काही फार चांगले नव्हते. एक कॉर्ड होती, एफ. त्यात पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. ती त्यांना काही केल्या येत नव्हती. एखादी तार ठप्प व्हायचीच. गाण्यात ती आली की काका तिथे खोकायचे आणि पुढे जायचे. पण तो तासभर त्यांना कुणाचे हात दिसायचे नाहीत. पाय दुखतायत हे आठवायचं नाही. त्यांना आनंद व्हायचा. साधा, लहान मुलाला होतो तसा. दुपारी बसमध्ये बसल्या बसल्या त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते टेलरबाईंच्या आलं.

पुढच्या खेपेला टेलरबाई येऊन बसल्या, हात पुढे केला, काकांनी बोट टेकवलं. टेलरबाई दचकल्या. त्यांनी दुसऱ्या हाताने काकांचं बोट पकडलं आणि कापडाचा पोत बघावा तसं अंगठ्याने चोळून पाहिलं.

"हे काय करून घेतलंत? कातडं झालंय नुसतं."

"कुठे काय?"

"अहो, मागे तुमचं बोट लागायचं ते कळायचं नाही. आता खरखरतंय. हे बघा." त्यांनी स्वतःचं मधलं बोट पुढे केलं. टोक पिवळट, टणक. "जन्मभर सुई रेटलीय याने. याला गरम इस्त्री कळत नाही. तुम्ही काय शिवायला लागलात की काय?"

काकांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. रोज पाहत होते, पण पाहिलं आत्ता. मग हळू आवाजात, धाकटीला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "गिटार वाजवतो."

टेलरबाई मोठ्याने हसल्या. आजारी पडल्यापासून त्या असं हसल्याचं काकांनी ऐकलं नव्हतं. रांगेतले दोघेतिघे वळून बघायला लागले. हसता हसता टेलरबाई थांबल्या.

"मग आता हो?"

"आता काय," काका म्हणाले. "बंद करायची."

"उलटी धरा की. उजव्या हाताने दाबा तारा."

"धरून बघतो," काका म्हणाले, आणि त्या दिवशीही त्यांनी हाताच्या पाठीवरूनच रक्त घेतलं.

उलटी धरून पाहिली. उजव्या बोटांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मग कामावर दुसरी युक्ती केली. शीर उजव्या बोटाने शोधायची आणि मग सुई उचलायची. तेही जमेना. उजव्या बोटाला काकांनी आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं, ते आता काय सांगणार? अंगठा तर चालतच नाही, त्याला स्वतःचीच धडधड असते. सगळं करून झालं तेव्हा काकांनी गिटार कपाटामागे सरकवली.

मग रोज संध्याकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचं आणि टाच घासायच्या दगडाने घासायची. पापुद्रे निघायला लागले. काकू टीव्ही बघायच्या आणि काका पातेल्यात बोटं घालून बसायचे. जाहिराती यायच्या, जायच्या.

"मऊ पडलं का?" एके दिवशी काकूंनी विचारलं.

"पडतंय."

"वाजवत होतात ते काय वाईट नव्हतं."

"तूच कचरा म्हणाली होतीस."

"म्हटलं असेल. तेव्हा कचराच होती ती." काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "एक सांगू? राग येऊ देऊ नका. तुम्ही वाजवत होतात तेव्हा निदान घरात असायचात. एरवी येता, जेवता, आणि माझ्या हाताकडे बघत बसता. शीर कुठाय म्हणून. मुलीच्या लग्नात तुम्ही जावयाच्या हाताकडे बघत होतात. मी बघितलंय."

काका ओशाळले. कारण त्या क्षणीही ते काकूंच्या हाताकडेच बघत होते.

"सुईत माझा पहिला नंबर आहे," पाण्यात बोटं चोळत ते म्हणाले. "गिटारीत मी ढ आहे. एक कॉर्ड येत नाही मला. आणि त्या बाईंच्या हाताची चाळण झालीय. कुठली गोष्ट सोडायची हा काय विचारायचा प्रश्न आहे?"

"मी कुठे काय विचारलं?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी आवाज पुन्हा सुरू केला.

बोट मऊ पडलं. टेलरबाई आल्या, काकांनी बोट टेकवलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ती लबाड शीर हळूच वर आली. एका टोचणीत नळी भरली. धाकटीने मान डोलावली. टेलरबाई म्हणाल्या, "आलात का परत!" सगळं पहिल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात लहान मुलांच्या विभागातून दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा काका फत्ते करून आले. जिन्यात लोकांनी वाट दिली.

काकांना त्याचं काहीच वाटेना. कुणी पाठ थोपटली तर आता पाठ दुखतेय एवढंच कळायचं. बसमधून घरी जाताना त्यांना वाटायचं, कुणीतरी आपल्यालाच रोज एक नळी काढून घेतंय. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. नोकरी होती, नाव होतं, बायको होती, मुलगी रविवारी फोन करत होती. नुसता थकवा होता, आणि तो झोपून जात नव्हता.

टेलरबाई पुन्हा आल्या तेव्हा नळी भरून झाल्यावरही काकांनी त्यांना उठू दिलं नाही. कापूस धरून ते स्टुलावर बसले. कामाच्या वेळात ते कधी बसत नसत.

"टेलरबाई, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"पुढच्या वेळेपासून तुम्ही तिकडच्या खुर्चीवर बसाल का? धाकटीकडे?"

टेलरबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा कडक झाला.

"तिला सापडेल का?"

"लगेच नाही सापडणार. मी शेजारी उभा राहीन. जागा दाखवीन."

"म्हणजे तुम्हाला गिटार वाजवायचीय, म्हणून मी भोकं पाडून घ्यायची?"

काकांनी खाली बघितलं. नाही म्हणायची ही वेळ होती.

"हो," ते म्हणाले. "तसंच आहे ते." आणि मग घाईघाईने, "शिवाय मी आज ना उद्या निवृत्त होणार. तेव्हा तुमची शीर इथे कुणालाच माहीत नसेल. तुमच्याच सोयीचं—"

"ही मखलाशी झाली," टेलरबाई उठत म्हणाल्या. "पहिलं उत्तर बरं होतं."

त्या गेल्या. काकांना वाटलं, आता या दुसऱ्या इस्पितळात जातील. जायलाच हव्यात. आजारी बाईकडे हे मागायची आपली हिंमत कशी झाली, म्हणून ते दिवसभर स्वतःला शिव्या घालत राहिले. पण घरी गेल्यावर त्यांनी कपाटामागे हात घातलाच. गिटार बाहेर काढली तेव्हा काकूंनी टीव्ही बंद केला.

पुढच्या वेळी टेलरबाई दारातून आत आल्या, काकांच्या खुर्चीवरून पुढे गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. धाकटी गडबडली.

"काका, मी नाही हं. यांचा हात माझ्याच्याने नाही व्हायचा."

"व्हायला काय झालं?" टेलरबाईंनी बाही वर केली. "मी शिकाऊ मुलींना आधी जुन्या कापडावर बसवायचे. फाटलं तर हळहळ नको. माझं कापड जुनंच आहे. बस."

काका मागे येऊन उभे राहिले. त्यांनी धाकटीचं बोट धरून कोपराच्या खोबणीत, जरा बाहेरच्या अंगाला ठेवलं.

"दाबू नको. टेकव नुसतं. इकडे बघू नको, तिकडे घड्याळाकडे बघ."

"काही लागत नाहीये."

"थांब जरा. तिला येऊ दे."

त्या दिवशी ती आली नाही. धाकटीने दोनदा टोचलं, टेलरबाईंनी ओठ घट्ट मिटले, आणि शेवटी काकांनीच, बोट पुरतं निबर व्हायच्या आत, ते काम निभावून नेलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी वर्षं तिच्याच शेजारी हे चाललं होतं आणि तिला एकदाही कुणी थांब म्हटलं नव्हतं. सोड, असंच म्हटलं होतं. काकांना ते लागलं. पण आता त्यावर बोलून काय होणार होतं?

टेलरबाई जाता जाता काकांपाशी थांबल्या. "ती कुठली कॉर्ड येत नाही म्हणे तुम्हाला?" काकांनी कधीतरी बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं.

"एफ."

"ती आली पाहिजे. मी फुकट नाही टोचून घेत."

मग आठवडे गेले. घरी घट्टे पुन्हा चढले, या वेळी मुकाट्याने, फोडही न येता. कामावर अवघड हात समोर आला की काका आता उठायचे ते धाकटीच्या मागे उभं राहायला. तिचं बोट कातडीवर टेकलेलं असायचं आणि ती हळू आवाजात सांगायची, "आहे. मऊ आहे. आता सरकली, अंगठ्याकडे." काका म्हणायचे, "बरोबर. आता जा." खरं तर बरोबर की चूक हे कळायला त्यांना आता मार्गच नव्हता. ते तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होते. कधी कधी ते तिच्या मागे उभे राहून स्वतःचं बोट स्वतःच्या मनगटावर ठेवून बघायचे. तिथे नाडी असणारच. पण बोटाला नुसतं बोटच लागायचं.

लहान मुलांच्या विभागातून फोन आला की काका धाकटीला पाठवायचे. पहिल्यांदा वरच्या सिस्टर वैतागल्या, दुसऱ्यांदा कुरकुरल्या, मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं. काकांना वाटलं होतं, कुणीतरी येऊन विचारेल, का हो, काय झालं, बरं आहे ना? कुणी विचारलं नाही. इस्पितळात लोकांना रक्त वेळेवर मिळाल्याशी मतलब. एवढ्या वर्षांचं नाव इतक्या सहज उतरतं हे बघून काकांना वाईट वाटलं. एक दिवस फार वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी गिटारीला हातही लावला नाही.

आणि मग एका सकाळी टेलरबाई आल्या. आता त्यांना चालताना भिंतीचा आधार लागत होता. धाकटीने त्यांना बसवलं, बोट टेकवलं, खिडकीबाहेर कुठेतरी बघत राहिली. काका आपल्या खुर्चीपाशीच थांबले होते. तिने बोलावलं नव्हतं. टेलरबाईंचे डोळे उघडे होते, सुईवर. खोलीत कुणी इस्स केलं नाही. धाकटीने एक नळी काढली, दुसरी लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या, कापूस दिला. बस, एवढंच झालं.

टेलरबाई काकांसमोरून जाताना थांबल्या.

"कळलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "एफ आली का?"

"नाही अजून. एक तार ठप्पच होते."

"कसे हो तुम्ही!" टेलरबाई म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत हळूहळू बाहेर गेल्या.

काकांनी पुढचा नंबर पुकारला. एक धट्टाकट्टा माणूस आत आला. वजनं उचलणाऱ्यासारखे दंड, शिरा दारातूनही दिसाव्यात अशा. अशा हाताला काही कौशल्य लागत नाही. कुणीही घेऊ शकतो. हल्ली काकांच्या वाट्याला हेच हात असायचे. काकांनी सवयीने डावं बोट त्याच्या कातडीवर टेकवलं, मग उचललं, हातमोजे चढवले आणि चष्मा नीट करून शिरेकडे डोळ्यांनी पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण सुई बघून त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, दुखेल का हो?"

काकांनी सुईचं टोपण काढलं. रोज कुणी ना कुणी हा प्रश्न विचारायचं, आणि उत्तर द्यायच्या आत त्यांचं काम झालेलं असायचं.

"थोडं दुखेल," ते म्हणाले. "मूठ आवळा."